अख्ख्या माणसाला खिडकी नाही

बुधवार हा तपासणीचा वार. ठाणे जिल्ह्यातल्या एका सरकारी रुग्णालयाच्या पॅसेजमध्ये पावणेआठलाच चाळीसेक माणसं भिंतीला टेकून उभी होती. बाकं दोन, त्यातल्या एकावर फायलींचे गठ्ठे. अपंगांना उभं करून अपंगत्व मोजतात, हा विनोद तिथे कुणी करत नाही. पहिल्याच खेपेला सगळ्यांचा करून झालेला असतो. मी माझं १९८४ चं पिवळं पडलेलं प्रमाणपत्र देऊन नवं स्वावलंबन कार्ड काढायला गेलो होतो. माझ्या पुढे एक ताई होत्या. डावा हात मनगटाच्या वर चार बोटं येऊन संपलेला, तो पदराखाली. डोंबिवलीजवळच्या एका शेडमध्ये पॉवर प्रेसवर पत्रा सरकवताना गेला होता. त्याला दहा महिने झाले.

ताईंकडे साडीच्या दुकानाची प्लास्टिकची पिशवी होती. तिची गाठ त्यांनी दातांनी सोडली, पिशवी हनुवटीखाली दाबून धरली आणि उजव्या हाताने एकेक कागद काढून मला दाखवू लागल्या. रेशनकार्ड नवऱ्याच्या नावावर, नवरा सहा वर्षांपूर्वी निघून गेलेला. रेशन दुकानात अंगठा लावायचा तर उरलेल्या हाताचा अंगठा लोकांची भांडी घासून गुळगुळीत झालेला, मशीन ओळखत नाही. जात मातंग, पण दाखला नाही. तो काढायला परभणीकडे जाऊन १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा वाडवडिलांचा पुरावा शोधायचा. आजोबा हलगी वाजवायचे, त्यांचा पुरावा कोणत्या कपाटात सापडणार? भरपाई मागायला गेल्या तर मालकाने ठेकेदाराकडे बोट दाखवलं. ठेकेदाराच्या माणसाची जबाबदारीही मूळ मालकावर येते, असं भरपाईचा कायदा सांगतो. पण त्यासाठी हजेरीवर नाव लागतं. होतं का नाव? ताई म्हणाल्या, "होतं की. पेन्सिलनं लिव्हायचे."

त्या दिवशी हाडांचे डॉक्टर रजेवर निघाले. त्याआधीच्या खेपेला सर्व्हर बंद होता. ताईंनी पिशवीची गाठ पुन्हा दातांनी मारली आणि म्हणाल्या, "हात येकदाच कापला, काका. ह्ये दर बुधवारी कापायलेत."

आता माझं सांगतो. मी डोंबिवलीचा, पोलिओचा, डाव्या पायाला कॅलिपर. १९८४ मध्ये वडील मला घेऊन गेले, त्यांच्या ओळखीच्या डॉक्टरांनी चहा पाजला आणि अर्ध्या तासात प्रमाणपत्र हातात पडलं. त्या कागदावर बँकेत नोकरी लागली, नोकरीवर घर झालं. चाळीस वर्षं मी व्यासपीठांवरून सांगत आलो की मी जिद्दीने इथवर आलो. जिद्द होतीच, नाही कशाला म्हणू? पण आडनाव होतं, मराठी शुद्ध होती, वडिलांची ओळख होती, पुरुषाचा जन्म होता. कायद्याच्या लेखी ताई आणि मी दोघेही दिव्यांग. ज्या जिन्यावर मी कॅलिपर वाजवत चढलो, त्याची पहिली पायरीच ताईंच्या डोक्याच्या वर होती.

ही साधी गोष्ट समजायला मला साठ वर्षं लागली. तुम्हाला इतकी लागू नयेत म्हणून हा लेख.

विद्यापीठात या गोष्टीला आंतरछेदीयता म्हणतात. शब्द जड आहे, उच्चारताना माझीही जीभ अडखळते. किंबर्ली क्रेनशॉ या कृष्णवर्णीय अमेरिकन कायदेपंडित बाईंनी १९८९ मध्ये तो वापरात आणला. कारखान्याने कृष्णवर्णीय पुरुष आणि गोऱ्या बायका नोकरीला ठेवल्या की वंशभेद नाही, लिंगभेदही नाही असं कोर्ट म्हणायचं, आणि कृष्णवर्णीय बाई मात्र दोन्ही खिडक्यांवरून परत यायची. आपल्याकडे हे त्याच्या कितीतरी आधी एका पोरीने लिहून ठेवलं आहे. सावित्रीबाई आणि जोतीरावांच्या शाळेतली चौदा वर्षांची मुक्ता साळवे. मांग-महारांच्या दुःखावरचा तिचा निबंध १८५५ मध्ये 'ज्ञानोदया'त छापून आला. जातीचं दुःख सांगता सांगता ती थेट छप्पर नसलेल्या घरात, थंडीपावसात बाळंत होणाऱ्या बाईपाशी जाऊन थांबते. जात, बाईपण, गरिबी आणि त्या घटकेला असहाय झालेलं शरीर, सगळं एकाच जागी. मुक्ताने ते चार अर्जांत वाटलं नाही.

आपण वाटतो. तपासणीच्या खिडकीला फक्त हात दिसतो, तहसीलच्या खिडकीला फक्त उत्पन्न, कामगार खात्याला फक्त हजेरी, समाजकल्याणाला फक्त जात. दोरीचा एकेक पीळ उलगडून दाखवला तर कुणीही म्हणेल, हा तर सुताचा धागा, तोडा की हाताने. ताईंच्या गळ्याभोवती मात्र तो वळलेलाच असतो. दोष खिडकीतल्या कारकुनाचा नाही, त्याला तेवढंच भोक दिलं आहे. अख्खा माणूस बसेल अशी खिडकी आपण बांधलेलीच नाही.

सर्वोच्च न्यायालयात २०२१ साली नेमकं हेच झालं. आंध्र प्रदेशातली एक तरुणी, अंध, अनुसूचित जातीची, बलात्काराची बळी. न्यायालयाने निकालपत्रात सविस्तर मान्य केलं की तिचं बाई असणं, तिची जात आणि तिचं अंधत्व ही एकमेकांत गुंतलेली आहेत. बलात्काराची जन्मठेप कायम झाली. पण ॲट्रॉसिटीची शिक्षा मात्र रद्द झाली, कारण गुन्हा जातीमुळेच घडला हे जुन्या कायद्याच्या भाषेत वेगळं काढून सिद्ध झालं नव्हतं. पीळ दिसले, दोरी दिसली, तरी एक धागा सुटा करून दाखवा ही अट राहिलीच.

आपल्या घरातलं उदाहरण याहून जवळचं आहे. १९९४ मध्ये शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या मतिमंद म्हटल्या गेलेल्या मुलींना पुण्याला आणून त्यांची गर्भाशयं काढण्यात आली. कारण काय दिलं? पाळीची स्वच्छता त्यांना ठेवता येत नाही. मुलींना कुणी विचारलं नाही. स्त्री संघटना आणि आरोग्य चळवळीतल्या मंडळींनी आवाज उठवला तेव्हा पुढच्या शस्त्रक्रिया थांबल्या. अपंगांच्या संघटना तेव्हा नोकऱ्यांच्या टक्क्यांसाठी भांडत होत्या. मीही भांडत होतो. बातमी वाचली, वाईट वाटलं, पान उलटलं. तो 'बायकांचा प्रश्न' वाटला होता.

ज्याच्यावर ओझ्याचे सगळ्यात जास्त थर, त्याच्यापासून सुरुवात करायची. अपंगन्यायाचा, इंग्रजीत ज्याला 'डिसॅबिलिटी जस्टिस' म्हणतात त्याचा, हा पहिला धडा आहे आणि तो घोटल्याशिवाय पुढचा येत नाही. अमेरिकेत सॅनफ्रान्सिस्कोच्या आसपास २००५ च्या सुमाराला काही अपंग कलावंत आणि कार्यकर्ते एकत्र आले. पॅटी बर्न, मिया मिंगस, स्टेसी मिलबर्न आणि त्यांचे सोबती, त्यांतले बरेचसे गोरे नसलेले, समलिंगी किंवा लिंगाच्या चौकटीत न बसणारे. त्यांचं म्हणणं असं होतं की अपंगांच्या हक्कांची चळवळ आमच्यातल्या सुस्थितांची झाली आहे. त्यांनी पुढे अपंगन्यायाची दहा तत्त्वं मांडली. ती इथे क्रमाने देत नाही, पाठ करून कुणाला जिना चढता आलेला नाही. आपल्या स्टेशनात, आपल्या सोसायटीत ती कशी दिसतात तेवढं बघू.

बाबासाहेबांनी जातीव्यवस्थेला श्रेणीबद्ध विषमता म्हटलं. प्रत्येकाला कुणी ना कुणी खाली मिळतो, म्हणून वरच्याविरुद्ध सगळे एक होत नाहीत. ही उतरंड बघायची असेल तर कल्याण लोकलच्या दिव्यांगांच्या डब्यात या. पायाने अधू असलेला मी खिडकीशी. अंध मित्र दाराच्या आवाजाचा, बीपचा अंदाज घेत आत येतो, त्याला आदराने जागा मिळते. कॅन्सरचे पेशंट, पोटुशी बाई, त्यांना करुणा मिळते. कर्णबधिर पोरं दारापाशी हातांनी गप्पा मारत असतात, आपला दोस्त ज्या गाडीत आहे ती यावी म्हणून दोन गाड्या सोडून देतात, तो डबा त्यांचा कट्टा आहे. त्यांना शिव्या मिळतात. धडधाकट दिसतात ना! एकदा अशाच एका पोराला मी खेकसून उठवलं होतं. त्याने शांतपणे खिशातून कार्ड काढून माझ्या डोळ्यांसमोर धरलं, मग उठला आणि जागा दिली मला. आणि बोटं झडलेला कुष्ठमुक्त माणूस आला की सगळा डबा एकजुटीने सरकतो. एकजूट दिसते ती एवढ्यापुरतीच.

कल्याणच्या पत्रीपुलाजवळ हनुमाननगरची कुष्ठबाधितांची वसाहत आहे. आपल्यातले हजारो लोक रोज त्या पुलावरून जातात आणि ट्रॅफिकला शिव्या घालतात, पण खाली कोण राहतं ते बघत नाहीत. कुष्ठरोग औषधाने पूर्ण बरा होतो हे शाळेच्या पुस्तकात आहे. कायद्याला ते पटायला वेळ लागला. कुष्ठरोग्यांना कोंडून ठेवायची मुभा देणारा १८९८ चा इंग्रजांचा कायदा २०१६ पर्यंत कागदावरून गेला नव्हता, आणि कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण २०१९ च्या दुरुस्तीपर्यंत होतं. म्हणजे टाकून दिलेल्या बाईला टाकून देणं कायदेशीर होतं. डोंबिवलीचे गजानन माने नौदलातून आले आणि या वस्तीसाठी वर्षानुवर्षं राबले, २०२३ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, गावाला आनंद झाला. मला आता त्या वस्तीत वाढलेली एखादी मुलगी महापालिकेच्या दिव्यांग बैठकीत खुर्चीवर बसलेली बघायची आहे. पाण्याचा नळ कुठे हवा आणि जखमेची पट्टी कुठे मिळायला हवी, हे तिच्याइतकं कुणाला कळतं?

ज्यांचं दुखतं त्यांनीच पुढे चालावं, हे आपल्याला नवं नाही. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक सोळाव्या वर्षी कमरेखाली लुळ्या झाल्या. मुसलमान घरातली मुलगी, चाकाच्या खुर्चीत. १९८४ मध्ये त्यांनी 'हेल्पर्स ऑफ द हॅन्डिकॅप्ड' उभी केली. 'चाकाची खुर्ची' हे त्यांचं आत्मचरित्र अनेकांनी वाचलं आहे, डोळे पुसत वाचलं आहे. डोळे पुसून झाल्यावर आपल्या सोसायटीच्या दाराला उतार किती जणांनी केला?

डोळे पुसण्यात आपण तरबेज आहोत. ३ डिसेंबरचा अपंग दिन आला की तीनचाकी सायकली वाटतात, सायकलच्या पाठीवर नेत्याचा फोटो. बसणाऱ्याचा चेहरा कुणी बघू नये, पाठ मात्र वाचावी. २०१५ च्या डिसेंबरात आकाशवाणीवरून 'दिव्यांग' हा शब्द आला, सरकारी पाट्या रंगवून झाल्या. शब्दाशी माझं भांडण नाही, लिहिताना मीही वापरतो. पण दिव्य काही नकोय आम्हाला. तुटलेल्या हाताची बाई ना बिचारी असते, ना प्रेरणास्थान. ती उद्या काही कमावू शकली नाही तरी पूर्ण माणूस आहे, हे ज्या दिवशी आपल्या गळी उतरेल त्या दिवशी त्या दहा तत्त्वांतलं निम्मं काम होईल. डोंबिवलीच्या मध्यमवर्गाला हे सगळ्यात अवघड जातं. आमच्याकडे माणसाची ओळखच "काय करतो?" इथून सुरू होते.

आणि स्वावलंबन! कार्डाचं नावच स्वावलंबन. अहो, आठ सतराची फास्ट पकडणारा कोणता माणूस स्वावलंबी आहे? त्याचा डबा कुणीतरी पहाटे पाचला उठून केलेला असतो, पोर कुणाच्या तरी कडेवर सोडलेलं असतं, आणि गाडी सुटताना दारातला अनोळखी हात त्याला मनगटाला धरून आत ओढतो. आपण सगळे लोंबकळतच जगतो. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळच्या वळणावर दोन गाड्यांच्या दारांतली माणसं एकमेकांना घासून रुळांवर पडली. काही गेले. काही जखमी होऊन घरी आले, तेही कुठल्या तरी बुधवारी कुठल्या तरी रांगेत उभे राहिले असतील. भारत २०१४ मध्ये पोलिओमुक्त झाला. आमची पोलिओची पिढी शेवटची. आता या पट्ट्यात अपंगत्व लोकलच्या दारातून, रस्त्यातल्या खड्ड्यातून आणि कारखान्यातून येतं. डोंबिवली एमआयडीसीत २६ मे २०१६ ला स्फोट झाला, बाराजण गेले, दीडशेच्या वर जखमी. २३ मे २०२४ ला पुन्हा झाला. मेलेल्यांचा आकडा पाठ असतो. डोळ्यात काच घुसलेल्यांचं, कान गेलेल्यांचं पुढे काय झालं ते कुणी विचारत नाही. त्यातल्या ठेकेदारी कामगाराचं नाव कशाने लिहिलेलं असतं, ते ताईंनी सांगितलंच आहे.

म्हणून कामगार संघटनांना माझं सांगणं आहे: सुरक्षेची मागणी ही अपंगांची मागणी आहे, आमचे फलक तुमच्या मोर्च्यात असतील. प्रवासी संघटनांनो, फलाट आणि गाडीमधली फट हा फक्त आमचा प्रश्न नाही. आंबेडकरी कार्यकर्त्यांनो, २०११ च्या जनगणनेत अनुसूचित जातींमध्ये अपंगत्वाचं प्रमाण एकूण लोकसंख्येपेक्षा जास्त निघालं होतं. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत एक रांग चाकांच्या खुर्च्यांची, काठ्यांची असू द्या, आणि ती शेवटी नको. स्त्रियांच्या संघटनांनो, शिरूर विसरू नका. आणि माझ्या अपंग मित्रांनो, आपण या सगळ्यांच्या सभांना का जात नाही? जिना आहे म्हणून? खरं कारण तेवढंच आहे का?

एक जागा राहिली. "याला ठाण्याला भरती करा", हा विनोद मुंबईकर पिढ्यान्पिढ्या करतो. ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ सालचं. आत बऱ्या झालेल्या, पण घरच्यांनी परत न नेलेल्या बायका वर्षानुवर्षं राहिलेल्या आहेत. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं एकोणिसावं कलम स्पष्ट आहे: घर नाही किंवा घरचे घेत नाहीत, एवढ्याच कारणासाठी कुणालाही तिथे ठेवता येणार नाही. मग त्या बायकांनी राहायचं कुठे? समाजातच, सरकारने आधार देऊन. म्हणजे तुमच्या माझ्या बिल्डिंगमध्ये. बघा, एवढं वाचून तुम्ही जरा मागे सरकलात. त्या डब्यासारखेच.

कायदा थोडाथोडका नाही आपल्या बाजूने. १९९५ च्या कायद्यात सात प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात एकवीस. त्यात ॲसिडहल्ल्याच्या बळी आहेत, कुष्ठमुक्त आहेत, सिकलसेल आहे, जो शहापूर-मुरबाडच्या आदिवासी पाड्यांतल्या पोरांना पोखरतो. घरांच्या वाटपात पाच टक्के आणि त्यात अपंग स्त्रियांना प्राधान्य आहे. जुन्या सार्वजनिक इमारती सुगम करायची पाच वर्षांची मुदत जून २०२२ मध्ये उलटून गेली. ८ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी खटल्यात या कायद्याखालच्या केंद्राच्या नियमांतला १५(१) हा नियमच रद्द केला, कारण त्याने सुगमता ही सक्तीऐवजी शिफारस करून टाकली होती. महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वतःच्या उत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे आहेत. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली महापालिकांना दर वर्षी एकच प्रश्न लेखी विचारा: पाच टक्के म्हणजे रुपये किती, खर्च किती, आणि त्यातले बायकांवर किती, वस्त्यांमध्ये किती? शेवटचे दोन प्रश्न विसरलात तर पैसे माझ्यासारख्याच्या गल्लीत फरशा बनून येतील. आलेही आहेत. त्या पिवळ्या उंचवट्याच्या लाद्यांवरून अंध माणूस काठी टेकत निघाला की थेट वडापावच्या गाडीवर जाऊन धडकतो. गाडीवाल्याला हटवा असं मी म्हणणार नाही, तो एका पायाने लंगडतो आणि त्यालाही कुणी गाळा दिलेला नाही. लादी आखताना दोघांना सोबत बसवायला हवं होतं, एवढंच.

जनगणना येते आहे, २०२७ ची. या वेळी सगळ्यांची जातही विचारली जाणार आहे. घरातल्या मुलीचं गतिमंदत्व लग्नं अडतील म्हणून लपवू नका, आजीचा गेलेला डोळा 'म्हातारपण' म्हणून सोडून देऊ नका. जात, लिंग आणि अपंगत्व एका तक्त्यात आलं तर निदान कागदावर तरी अख्खा माणूस दिसेल. गणेश मंडळांनो, मंडपाला उतार करायला चार फळ्या लागतात. पाडव्याची स्वागतयात्रा डोंबिवलीने १९९९ मध्ये सुरू केली आणि ती महाराष्ट्रभर गेली. तसा आणखी एखादा पायंडा पाडायची धमक या गावात आहे. फक्त आम्हाला ट्रकवर देखावा म्हणून बसवू नका, वेग आमच्या चालीचा ठेवा. चालणाऱ्यांची घाई ज्याच्या त्याच्या घरी. दमलेल्याला मध्ये बसू देणारा मोर्चा जास्त दिवस चालतो, हे मी चाळीस वर्षांच्या कॅलिपरवरून सांगतो.

ताईंचं प्रमाणपत्र पुढे आणखी तीन बुधवारांनी झालं. आता प्रश्न भरपाईचा. त्या शेडमध्ये बोटं गेलेल्या आणखी चार बायका त्यांनी शोधून काढल्या आहेत. एकीला ऐकू कमी येतं, एक बिहारची आहे आणि तिला मराठी येत नाही, बाकीच्या दोघी नावं सांगायला घाबरतात. कामगार आयुक्तांकडे सगळ्यांनी मिळून जायचं ठरलं. अर्ज मी लिहून दिला, चांगला अडीच पानी, कलमांसकट. मी म्हटलं, साहेबांपुढे मी मुद्दे मांडतो, मला सवय आहे. ताईंनी पिशवी माझ्या हातात दिली.

"तुम्ही कागद धरा, काका. मला येकाच हातानं जमत नाही. बोलायचं ते आम्ही बोलतो."